आडव्या वाटांचा प्रश्न

वसई तालुक्यात गेल्या दीडशे वर्षांत वाहतुकीची म्हणून जी जी सुधारणा आली ती बहुतेक उत्तर-दक्षिण दिशेची होती, आणि आजही आमच्यासाठी ज्या योजना सरकारी दप्तरांत मंजुरीच्या अथवा निधीच्या प्रतीक्षेत आहेत त्यांतील बहुतेक त्याच दिशेच्या आहेत, ही गोष्ट नकाशा पुढ्यात पसरून बसल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी अशी या प्रदेशाची चतुःसीमा आहे. निर्मळ, आगाशी, अर्नाळा, पापडी, गिरीज, भुईगाव ही जुनी गावे किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये वसलेली आहेत. कारखाने वालीव, गोखिवरे, सातिवली या पूर्वेकडच्या पट्ट्यात उभे राहिले. आणि या दोहोंच्या मधोमध, सरळ रेघ ओढावी तसा, लोहमार्ग गेलेला आहे. सारांश, येथील माणसाचा निम्म्याहून अधिक व्यवहार पूर्व-पश्चिम चालतो आणि त्याच्या दिमतीला असलेली सर्वांत समर्थ वाहनव्यवस्था मात्र त्या व्यवहाराला छेदून जाते.

याचे मूळ शोधू गेल्यास ते कापसात सापडते. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने आपल्या कामाचा आरंभ मुंबईत केला नाही. उत्राण ते अंकलेश्वर हा तिचा पहिला टप्पा १८६० साली गुजरातेत खुला झाला आणि तेथून रूळ खाली मुंबईकडे सरकत आले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, गुजरातच्या कापसाला अपूर्व भाव आला होता, आणि तो माल शक्य तितक्या त्वरेने मुंबई बंदरात पोचवणे हे त्या काळच्या व्यापाराचे मोठे निकडीचे काम होते. १८६४ च्या अखेरीस रूळ ग्रँट रोडपर्यंत पोचले. वाटेत वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडताना अभियंत्यांनी जेथे पूल घालणे सोयीचे तेथे पूल घातले, आणि दोन पुलांमधील भूमीवरून जो सरळ मार्ग निघाला तोच आमचा लोहमार्ग ठरला. वसई गाव, म्हणजे पारनाका, होळी बाजार आणि किल्ला, खाडीच्या मुखाशी स्टेशनापासून चांगले पाच-सहा किलोमीटर दूर राहिले. अर्नाळा विरारपासून दहाएक किलोमीटर राहिले. ही गावे जलमार्गाच्या युगात मोठी झालेली होती. सोपाऱ्याचे बंदर अशोकाच्या काळी नांदते होते, आगाशीला पोर्तुगीज काळात जहाजे बांधली जात, आणि केळी, भाजीपाला, मासळी घेऊन शिडाचे पडाव मुंबईस जात. लोहमार्गाने या जुन्या केंद्रांकडे पाठ केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे लक्ष्यच निराळे होते.

तथापि या लोहमार्गाविषयी माझ्या मनात जे प्रेम आहे ते मी लपवू इच्छीत नाही. १२ एप्रिल १८६७ या दिवशी पश्चिम मार्गावरील पहिली उपनगरी गाडी सुरू झाली ती विरारहून. दिवसाकाठी एकच गाडी, सकाळी पावणेसातच्या सुमारास विरारहून निघून बॅकबेला जाणारी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तेथून परतणारी. त्या काळी विरार म्हणजे ताडामाडांतले एक खेडे होते, आणि तरीही ज्या वाहतुकीच्या बळावर पुढे अवघ्या मुंबईचे जीवन उभे राहिले तिचा आरंभ त्या खेड्यापासून व्हावा, ही गोष्ट आमच्या शाळांमधून मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे असे मला वाटते. त्या गाडीच्या थांब्यांच्या यादीत पाणजू हे नाव आढळते. पाणजू म्हणजे खाडीच्या दोन पात्रांमधले बेट, नायगाव आणि भाईंदर यांच्यामधले. आज शेकडो गाड्या त्या बेटावरून धडाडत जातात, त्यांतली एकही तेथे थांबत नाही, आणि बेटावरची माणसे होडीत बसून नायगावला येतात व तेथून गाडी पकडतात. लोहमार्गाचे उभेपण आणि माणसांच्या वाटांचे आडवेपण एकाच ठिकाणी पाहावयाचे असेल तर पाणजूइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

पुढचा इतिहास प्रतीक्षेचा आहे. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या; वीज विरारपर्यंत यावयास १९३६ उजाडले. त्यानंतर बोरिवलीच्या अलीकडे मुंबई वाढत गेली, पलीकडे आम्ही वाढत गेलो, पण बोरिवली आणि विरार यांच्यामध्ये मार्ग दोनच राहिले, आणि त्याच दोन मार्गांवरून लोकल गाड्या, मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या असा सारा संसार चालवावा लागे. एखादी मालगाडी वैतरणेच्या बाजूस रखडली की तिच्या मागे अख्खी संध्याकाळ रखडे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाखाली, जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या देखरेखीखाली, या टप्प्याचे चौपदरीकरण २००७ साली पुरे झाले. पहिल्या गाडीपासून मोजल्यास त्याला १४० वर्षे लागली. २००९ साली पंधरा डब्यांची गाडी आली, आणि २०२१ साली अंधेरी ते विरार धीम्या मार्गावरही ती धावू लागली. बारा डब्यांच्या जागी पंधरा म्हणजे त्याच वेळात, त्याच चालकासह, त्याच सिग्नलांमधून चतुर्थांश अधिक माणसे. यासारखी निर्वेध आणि तुलनेने स्वस्त सुधारणा उपनगरी वाहतुकीत फारशी सापडत नाही, आणि फलाट लांबवण्याच्या कामाला जी दिरंगाई होते ती पाहून मन खंतावते. वातानुकूलित गाड्यांचे मी स्वागत करते. त्यांची दारे मिटतात, आणि दारात लोंबकळून प्रवास करण्याची पाळी ज्यांच्या घरातल्यांवर येते त्यांना मिटणाऱ्या दाराचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

माझ्या पिढीतील स्त्रियांना या इतिहासातले आणखी एक साल विसरता येणार नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी संपूर्ण गाडी सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत भाज्या निवडल्या गेल्या, भिशीचे हिशेब झाले, हळदीकुंकू झाले, आणि नोकरी सोडण्याच्या विचारात असलेल्या कित्येकींनी ती त्या एका गाडीच्या आधारावर टिकवली. वाहतुकीतील सुधारणा म्हणजे नेहमी नवा पूल अथवा नवा मार्ग नव्हे, असलेल्या गाडीची नीट योजना केली तरी माणसाचे आयुष्य बदलते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

आणि तरीही गर्दी ओसरली नाही. नालासोपाऱ्याचा प्रवासी आधी उलट दिशेने विरारला जातो आणि तीच गाडी परतताना जागा धरून बसतो. विरारचा प्रवासी फलाटावर उभा राहून ती भरून आलेली गाडी पाहतो. आणि यावरून नित्य जे तंटे होतात त्यांत दोन्ही बाजूंच्या माणसांच्या स्वभावाला दोष दिला जातो. मला तो दोष मान्य नाही. ज्या माणसाला साठ किलोमीटर, सव्वा तासाहून अधिक, उभ्याने जावयाचे आहे, आणि ज्याच्या गावात दिवसभर पुरेल असा रोजगार एक तर नाही किंवा असला तरी तेथवर पोचण्याचे साधन नाही, तो बसण्याच्या जागेसाठी जे करता येईल ते करणारच. वालीवच्या कारखान्यात अथवा भिवंडीच्या गोदामात काम मिळत असतानाही माणसे अंधेरीची वाट धरतात, त्यात वेतनाचा भाग आहेच. पण अंधेरीला जावयास गाडी आहे आणि भिवंडीच्या वाटेवरच्या कामणला जावयास भरवशाचे काही नाही, हाही भाग आहे. आमच्या वाडीतल्या भाषेत बोलावयाचे तर विहिरीला पाणी मुबलक आहे, रहाट अखंड फिरतो आहे, परंतु वाफ्यांपर्यंत पाट खणलेले नाहीत.

हे पाट कोणते, तर पहिला बसचा. राज्य परिवहनाची एस.टी. या तालुक्यात गावोगाव पोचली होती आणि अर्नाळा, वसई, नालासोपारा येथील आगारांच्या गाड्यांवर दोन पिढ्या शिकल्या. पुढे २००९ साली महानगरपालिका झाली, तिची स्वतःची परिवहन सेवा आली, एस.टी.ने शहरी फेऱ्यांतून अंग काढावयास आरंभ केला, आणि या दोन यंत्रणांच्या सांधेबदलात मधल्या गावांचे पुष्कळ हाल झाले. आता महापालिकेच्या सेवेत विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या आहेत आणि त्या पाहून आनंद होतो. उणीव आहे ती वेळापत्रकाची. बस आपल्या वेळेस सुटते, लोकल आपल्या वेळेस येते, आणि या दोन वेळांचा परस्परांशी संबंध असावा ही कल्पना कोणत्याही कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

या संदर्भात स्वित्झर्लंडचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्या देशाने १९८२ साली असे ठरवले की प्रत्येक मुख्य मार्गावर निदान तासाला एक गाडी, आणि ती प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला सुटेल. पुढे १९८७ साली लोकांनी मतदान करून ‘रेल्वे २०००’ ही योजना मंजूर केली, आणि तिचे मुख्य सूत्र असे होते की मोठ्या स्थानकांवर सर्व दिशांच्या गाड्या तास पुरा होण्याच्या किंचित आधी याव्यात, प्रवाशांनी फलाट बदलावेत, बाहेर उभ्या असलेल्या पिवळ्या टपालबसांत बसावे, आणि तास उलटताच सर्वांनी आपापल्या दिशेला निघावे. झुरिक आणि बर्न यांमधला प्रवास तासाच्या आत बसत नव्हता. तो बसवण्यासाठी त्यांनी माटश्टेटन ते रोटरिस्ट हा नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ मध्ये खुला केला. म्हणजे आधी वेळापत्रक लिहिले गेले आणि ते खरे ठरावे म्हणून रूळ टाकले गेले. आपल्याकडे आधी रूळ, पूल, खांब, आणि वेळापत्रक हे सर्वांत शेवटी उरलेले कारकुनी काम, असा जो क्रम पडून गेला आहे तो उलटा करता येतो, हे त्यातून कळते. त्याच झुरिकच्या मतदारांनी १९७३ साली भुयारी रेल्वेची खर्चिक योजना नाकारली आणि १९७७ साली ट्राम व बस यांना रस्त्यावर अग्रक्रम देण्यासाठी पैसा मंजूर केला. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. रस्ता अडवते म्हणून ती काढली गेली आणि त्या मोकळ्या रस्त्यावर पुढे काय उभे राहिले ते आपण रोज पाहतो. हे गतकालाचे रडगाणे म्हणून मी सांगत नाही. एका शहराने रस्त्यावरच्या साध्या वाहनाला किंमत दिली आणि दुसऱ्याने दिली नाही, एवढा भेद तो आहे.

वसईस हे सूत्र जसेच्या तसे लागू पडणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात लोकल इतक्या लागोपाठ येतात की बसने कोणाशी वेळ जुळवावी हा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा बसच इतकी वारंवार असली पाहिजे की घड्याळ पाहावे लागू नये. वेळ जुळवण्याची खरी गरज आहे ती दुपारी, रात्री दहानंतर, आणि ज्या गाड्यांमध्ये मोठे अंतर असते त्यांच्या बाबतीत, म्हणजे डहाणूच्या आणि दिव्याच्या. डहाणूपर्यंत उपनगरी सेवा २०१३ साली गेली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड येथून विरारला उतरून पुढची लोकल धरणाऱ्यांना एक गाडी चुकली तर दुसरीसाठी किती थांबावे लागते ते त्यांनाच विचारावे. विरार-डहाणू चौपदरीकरण पुरे होईपर्यंत त्यांच्या वाट्याला नव्या गाड्या फारशा येणार नाहीत, पण विरारच्या फलाटावर चार मिनिटे थांबणारी जोडगाडी येण्यास नव्या रुळांची गरज नाही.

दुसरा पाट दिव्याच्या लोहमार्गाचा. त्याविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण तो आमच्या तालुक्यातला एकमेव आडवा लोहमार्ग आहे आणि त्याची जी उपेक्षा झाली आहे तीस तोड नाही. वसई रोडहून निघून जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर असे करीत तो बेचाळीसेक किलोमीटरनंतर दिव्याला मध्य रेल्वेस मिळतो. पश्चिम आणि मध्य या दोन मार्गांना दादरच्या गर्दीत न शिरता जोडणारा, गोदामांच्या भिवंडीला स्पर्श करणारा, पनवेलच्या दिशेने कोकणास जाणारा असा हा मार्ग जगातल्या कोणत्याही महानगरात वर्तुळमार्ग म्हणून मिरवला गेला असता. येथे त्याच्यावर प्रवासी मेमू गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ज्यांची गाडी चुकते ते चिंचोटी रस्त्याच्या खड्ड्यांतून किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून जातात. या उपेक्षेला कारणही आहे: जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या आणि कोकण रेल्वेकडे वळणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या यांनी तो व्यापलेला असतो, आणि मुंबईकडून येऊन कोकणात जाणाऱ्या गाडीला वसई रोडला इंजिन दुसऱ्या टोकाला लावून तोंड फिरवावे लागते, त्यात फलाट अडून राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या वांद्रे-मडगाव गाडीचीही तीच तऱ्हा. नायगाव ते जुचंद्र असा जोडमार्ग मंजूर झाला आहे. तो झाला की हे तोंड फिरवणे टळेल. आणि दादरीहून येणारा समर्पित मालवाहू मार्ग वैतरणेच्या पुढे बंदरापर्यंत पुरा झाला की मालगाड्यांचा मोठा भार त्यावर जाईल. तेव्हा जी मोकळीक निर्माण होईल ती कोणाला द्यावयाची, याचा निर्णय आजच झाला पाहिजे, आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या उपनगरी गाडीला द्यावी अशी मागणी वसई, भिवंडी आणि कल्याण येथील लोकांनी एकत्रितपणे केली पाहिजे. उशीर केला तर ती मोकळीक दुसरा कोणीतरी अर्ज करून घेऊन जाईल.

तिसरा पाट पाण्याचा, आणि तो पुन्हा वाहू लागला याचे समाधान मोठे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई ते भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर दिसत असताना घोडबंदरच्या पुलावरून जो भलामोठा वळसा घालावा लागे तो वाचला. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूस खारवाडेश्री येथे दुसरी सेवा सुरू झाली, आणि वैतरणेवरचा तसाच वळसा टळला. या दोन्ही सेवांना वाहनवाल्यांची सोय एवढेच समजले जात आहे. पायी प्रवाशाला धक्क्यापासून स्टेशनापर्यंत नेणारी आणि बोटीच्या वेळेस उभी असणारी बस असेल, तर पाचूबंदर, किल्लाबंदर, पारनाका येथील माणसाला भाईंदरला जाण्यासाठी उलट वसई रोडपर्यंत येण्याचे काही कारण उरत नाही, आणि गाडीत तितकी माणसे कमी होतात.

मोठ्या योजनांविषयी मला थोडेच म्हणावयाचे आहे. बोरिवली-विरार पाचवा-सहावा मार्ग झाला पाहिजे, कारण त्याने मेल-एक्स्प्रेस लोकलच्या वाटेतून दूर होतील. मात्र खाडीकाठच्या तिवरांची जी हानी होईल तिची भरपाई कागदावर न राहता याच खाडीच्या काठी झाली पाहिजे, कारण जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या तेव्हा पाण्याला वाट न ठेवण्याचा परिणाम आम्ही भोगला आहे. मीरा रोडहून विरारपर्यंत प्रस्तावित असलेली मेट्रोही मला हवी आहे. परंतु तीही उत्तर-दक्षिणच आहे, लोहमार्गाला समांतर, आणि तिची स्थानके कोठे असावीत हे ठरवताना आडव्या रस्त्यांवरून बस कोठून येणार हा प्रश्न आधी विचारला गेला नाही, तर आमच्या पदरी दोन समांतर रहाट पडतील.

म्हणून माझी दरखास्त लहान आणि निकडीची आहे. पश्चिम रेल्वे, एस.टी., महापालिकेची परिवहन सेवा आणि सागरी मंडळ या चौघांच्या वेळापत्रकांचा मेळ घालण्याचे काम ज्याच्याकडे असेल असा एक अधिकारी वसईत नेमावा, त्याचे कार्यालय वसई रोड स्थानकातच असावे, आणि रेल्वेचे प्रत्येक नवे वेळापत्रक निघण्याआधी त्याने बसचे वेळापत्रक त्याच्याशी ताडून पाहण्याची सक्ती असावी. त्याच्या पहिल्या कामाची यादी मी देऊ शकते. रात्री चर्चगेटहून येणाऱ्या शेवटच्या तीन विरार गाड्यांसाठी वसई, नालासोपारा आणि विरार येथे पश्चिमेकडच्या गावांची प्रत्येकी एक बस उभी राहावी, आणि गाडी उशिरा आली तर बसनेही थांबावे. दिव्याहून येणाऱ्या प्रत्येक मेमूला वालीवची बस मिळावी. मारंबळपाड्याच्या शेवटच्या बोटीला विरार स्टेशनची बस मिळावी. या यादीसाठी भूसंपादन लागत नाही, जागतिक बँक लागत नाही. चालकांच्या पाळ्या बदलाव्या लागतील आणि थोडे इंधन अधिक लागेल. ती यादी घेऊन मी येत्या महिन्यात महापालिकेच्या परिवहन समितीकडे जाणार आहे, आणि ज्या वाचकांना आपापल्या गावच्या शेवटच्या बसची वेळ व तिच्यामुळे चुकणारी गाडी ठाऊक आहे त्यांनी ती मला कळवावी, म्हणजे अर्जासोबत तपशीलही जोडता येईल.